आमच्या प्रभागातून एक स्थापत्य अभियंता महापालिकेला उभ्या राहणार आहेत, कोल्हापूरकरांचे आणि इतरांचेही मत हवे आहे

पेठेतला शेजारी (धागाकर्ता)

नमस्कार. हे 2025 च्या अखेरीस लिहीत आहे. कोल्हापूर महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि तेव्हापासून शहराचा कारभार प्रशासकांकडे आहे. पाच वर्षांहून अधिक काळ आपल्याला नगरसेवकच नाही, ही गोष्ट आपण किती सहज अंगवळणी पाडून घेतली याचे मला वाईट वाटते. आता निवडणूक होणार हे नक्की झाले आहे. सोडतीत आमच्या प्रभागातील एक जागा सर्वसाधारण महिलांसाठी आली असून, त्या जागेवर आमच्या गल्लीतील एका स्थापत्य अभियंता ताईंनी उभे राहावे असा आम्हा काही शेजाऱ्यांचा आग्रह आहे. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही आणि हा धागा प्रचारासाठी नाही.

आग्रहामागचे कारण सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 55 फूट 7 इंचांवर गेली आणि 2021 च्या जुलैमध्ये 56 फूट 3 इंचांवर. धोक्याची पातळी 43 फुटांची आहे. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर लोक चिखल काढून घरात परतण्याची घाई करत होते, आणि या ताई हातात विजेरी व खडू घेऊन एकेका घरात शिरत होत्या. मातीत बांधलेल्या दगडी भिंती वरून कोरड्या दिसल्या तरी आत पाणी धरून असतात आणि सुकताना खचतात, हे त्या प्रत्येक घरी न कंटाळता समजावून सांगत. माझ्या आईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी खडूने फुली मारली आणि 'काकी, तीन आठवडे इथे चूल पेटवायची नाही' असे बजावले. ती भिंत नवव्या दिवशी पडली, तेव्हा आई माझ्या बहिणीकडे होती. ताईंनी कुणाकडूनही एक रुपया घेतला नाही. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, त्या दिवसांत त्यांनी प्रत्येक घराची नोंद एका वहीत केली, पाणी जोत्यापासून किती वर आले ते मोजून लिहिले आणि ती वही आजही त्यांच्याकडे आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. त्यांनी पक्षाकडून उभे राहावे की अपक्ष? आणि निवडून आल्यास आपला व्यवसाय चालू ठेवावा का? ज्यांना महापालिकेच्या कामाचा जवळून अनुभव आहे त्यांनी कृपया मनमोकळेपणाने लिहावे.

सेवानिवृत्त लिपिक

मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरीची बहुतेक वर्षे घालवली. ती महापालिका कोल्हापूरची नाही. सभागृहाचे कामकाज मात्र सगळीकडे एकाच कायद्याने चालते, म्हणून लिहितो.

प्रथम अपेक्षांविषयी. 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक कोणत्याही कामाचा आदेश स्वतःच्या सहीने काढू शकत नाही. अभियंता निवडून आली म्हणून दुसऱ्या दिवशी नाल्याची भिंत बांधली जाईल असे कुणी समजू नये. सभागृहाची ताकद तीन ठिकाणी असते: अंदाजपत्रकात, स्थायी समितीत निविदा मंजूर होताना, आणि विकास आराखड्यातील बदल महासभेपुढे येतात तेव्हा. या तिन्ही ठिकाणी जे येते ते कागद असतात. विषयपत्रिका जाडजूड असते, ती सभेच्या काही दिवस आधी घरी पोहोचते, आणि ती उघडून वाचणारे सदस्य माझ्या नोकरीच्या काळात मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकत होतो. त्यांच्यापैकी एक सदस्य सातवी शिकलेले होते, हेही येथे नोंदवतो. त्यांचा बांधकाम साहित्याचा व्यापार होता आणि प्राकलनातील, म्हणजे कामाच्या अंदाजित खर्चातील, दर खोटा असला की त्यांना तो एका नजरेत कळत असे.

कोल्हापूरच्या वाचकांना रस्ते प्रकल्पाची आठवण असेलच. त्या करारात महापालिका एक पक्ष होती, टोलची मुदत 30 वर्षांची होती, आणि कागदाचा खरा अर्थ शहराला समजला तो नाके उभे राहिल्यावर. त्यानंतर कोल्हापूरकरांनी जे आंदोलन केले त्याला तोड नाही, आणि अखेर तो टोल रद्द करावा लागला. तरीही वर्षानुवर्षांच्या त्या लढ्याइतकाच मोलाचा असा एक क्षण आधी येऊन गेलेला असतो, जेव्हा कराराचा मसुदा वाचून 'या कलमाचा अर्थ काय, वाहनांची संख्या कशावरून धरली, मुदत कशी ठरली' असे विचारता येते. अशा क्षणी प्रश्न लेखी देणारी आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेणारी एक व्यक्ती सभागृहात असणे, यासाठी मी तुमच्या ताईंना मत दिले असते.

अपक्ष की पक्ष, याविषयी एक कोरडी गोष्ट. स्थायी समितीत 16 सदस्य असतात आणि जागा पक्षांच्या व गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात. कोल्हापुरात 81 सदस्य आहेत, म्हणजे साधारण पाच सदस्यांमागे समितीची एक जागा येते. एकट्या अपक्षाला तेथे जागा मिळणे अवघड आहे, आणि पैशांचे निर्णय तेथेच होतात.

नाल्याकाठची

मी या शहरात जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर राहते आणि धागाकर्त्यांच्या भावनेचा आदर राखून थोडे विरोधी लिहिणार आहे.

नगरसेवक म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत कुणी विषयपत्रिकेवरून ठरवत नाही. काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी 2023 मध्ये शहरात पोहोचले, तरी वाहिनीत किंवा पंपात बिघाड झाला की टँकर कुणाच्या दारात आधी उभा राहील हे नगरसेवकाच्या एका फोनवर ठरते. रात्री दोन वाजता म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे असते, मयताची नोंद करायची असते, पोराच्या शाळेच्या दाखल्यावर नाव चुकलेले असते. आमच्या मागील नगरसेवकांविषयी माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण ते पहाटे साडेपाचला फोन उचलत. शिकलेला व्यावसायिक उमेदवार हे काम कमी प्रतीचे समजतो आणि 'मी धोरणासाठी आलो आहे' असे म्हणतो, असा माझा अनुभव आहे. ज्याच्या घरी पाण्याची टाकी आहे त्याला धोरण परवडते.

आणि एक प्रश्न मी थेट विचारते. या ताई स्थापत्य अभियंता आहेत, म्हणजे इमारतींच्या नकाशांवर त्यांच्या सह्या असणार. निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील किती त्यांच्या सहीच्या आहेत? तेथे भराव टाकला की ते पाणी आमच्या घरात येते. मला याचे उत्तर मिळाले तर मी मत बदलायला तयार आहे.

वकील, सांगली

प्रश्न क्रमांक दोनचे उत्तर काही अंशी कायद्यानेच दिले आहे. महापालिकेशी असलेल्या कोणत्याही करारात किंवा कामात स्वतःचा अथवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर ती व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. ताई महापालिकेच्या सल्लागार यादीवर असतील किंवा त्यांच्या भागीदारी संस्थेकडे महापालिकेचे एखादे संरचनात्मक तपासणीचे काम असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी त्यातून पूर्णपणे बाहेर पडणे आवश्यक आहे. 'बिल अजून यायचे आहे, काम संपले आहे' असा युक्तिवाद करण्याची वेळ येऊ देऊ नये. स्वतःचे, पतीचे किंवा अवलंबितांचे बांधकाम अनधिकृत ठरले तरीही पद जाऊ शकते, त्यामुळे घराच्या गच्चीवरील पत्र्याच्या शेडपर्यंत सर्व कागद तपासून घ्यावेत.

खाजगी इमारतींच्या परवान्यांचे काम मात्र या तरतुदीत सरळ बसत नाही. कायदा तेथे थांबतो आणि उमेदवाराचा विवेक सुरू होतो. नगरसेविकेच्या सहीचा नकाशा नगररचना विभागाच्या मेजावर आला, तर तेथील कनिष्ठ अभियंता तो इतर नकाशांसारखा तपासू शकेल का, एवढा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा.

अन्य बाबी थोडक्यात: मालमत्ता, दायित्वे, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे यांचे शपथपत्र द्यावे लागते. कोल्हापूर 'ड' वर्गातील महापालिका असल्याने खर्चमर्यादा 9 लाख रुपये आहे. निकालानंतर खर्चाचा हिशेब मुदतीत सादर केला नाही तर अपात्रता ओढवते, आणि नवखे उमेदवार, विशेषतः पराभूत झालेले, नेमके येथे चुकतात. पक्षाकडून निवडून आल्यास 1986 च्या अनर्हता अधिनियमामुळे पक्षादेश बंधनकारक राहील. म्हणजे वर लिपिकसाहेब ज्या क्षणाविषयी बोलले, त्या क्षणी गटनेत्याचा आदेश वेगळा असेल तर प्रश्न विचारता येईल, पण मत देता येईलच असे नाही.

पुण्याचा डॉक्टर

2017 मध्ये मी पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागातून अपक्ष उभा राहिलो आणि पराभूत झालो. त्याबद्दल कुणाला दोष देण्याचे मला कारण नाही. जे शिकलो ते येथे लिहिणे उपयोगाचे वाटते.

माझ्या दवाखान्यात वीस वर्षांत जे रुग्ण आले त्यांची संख्या मोजून मी मनात मतांचा हिशेब केला होता. ती माझी सर्वांत मोठी चूक ठरली. माझ्या रुग्णांपैकी निम्मे प्रभागाबाहेर राहत होते आणि उरलेल्यांपैकी अनेकांची नावे त्यांच्या जुन्या पत्त्यावर, दुसऱ्याच प्रभागाच्या यादीत होती. मतदार यादी घेऊन घरोघर फिरण्याचे काम निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, तर प्रारूप यादी प्रसिद्ध होताच, हरकतींची मुदत संपण्यापूर्वी करायचे असते.

दुसरे असे की, चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क आणि ड अशा चारही जागांसाठी मत द्यावे लागते. पक्षाचे पॅनेल असेल तर एकच चिन्ह चार वेळा शोधले की मतदाराचे काम होते. माझ्यावर खरोखर माया असलेल्या एका आजींनी मला नंतर सांगितले की, त्यांनी 'डॉक्टरसाहेबांचे चिन्ह' चारही ठिकाणी शोधले, तीन ठिकाणी ते सापडले नाही, आणि गोंधळून त्यांनी शेवटी सगळीकडे एकाच पक्षाचे बटण दाबले. अपक्षाने 'तीन मते तुमच्या मनाप्रमाणे द्या, एक मत येथे द्या' हे प्रत्यक्ष नमुना यंत्रावर दाखवून समजावले पाहिजे, तेही पुन्हा पुन्हा.

कोल्हापुरात 2015 मध्ये 81 जागांसाठी 81 प्रभाग होते. 2011 च्या जनगणनेतील 5,49,236 ही लोकसंख्या धरली तर एका प्रभागात सरासरी पावणेसात हजार लोक येत. आता चार जागांच्या प्रभागात सत्तावीस हजार येतात. गल्लीतल्या माणसाला गल्लीने निवडून देण्याचा काळ त्या फरकाने मागे टाकला आहे. ताईंनी वहीतली घरे मोजावीत, आणि त्या घरांपलीकडच्या वीस हजार लोकांना त्या कोण म्हणून ठाऊक आहेत याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा.

मिरजकर

एक शंका. तज्ज्ञांना सभागृहात आणण्यासाठी कायद्यात स्वीकृत सदस्यांची सोय आहेच. डॉक्टर, अभियंता, वकील, सनदी लेखापाल अशांना निवडणूक न लढवता घेता येते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

सेवानिवृत्त लिपिक

मिरजकर, आपला प्रश्न योग्य आहे. महापालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठीच ती तरतूद आहे. परंतु नावे संख्याबळानुसार पक्षांचे गट सुचवतात, आणि सामाजिक संस्थेचा पदाधिकारी हीसुद्धा एक पात्रता असल्याने त्या दारातून बहुधा तिकीट न मिळालेल्या किंवा निवडणूक हरलेल्या कार्यकर्त्यांची सोय लावली जाते. मी स्वतः त्या शिफारशींचे कागद हाताळले आहेत. शिवाय स्वीकृत सदस्याला सभागृहात बोलता येते, मतदान करता येत नाही. ज्याच्या मताची कुणाला गरज नाही त्याचे बोलणे ऐकण्याची सभागृहाला सवय नसते.

निवृत्त शिक्षिका, गारगोटी

पुण्याच्या डॉक्टरांचा अनुभव वाचून वाईट वाटले, म्हणून दोन उदाहरणे देते. 2007 मध्ये मुंबईत जुहू येथील रहिवाशांनी एकत्र येऊन ॲडॉल्फ डिसोझा यांना नागरिकांचे उमेदवार म्हणून उभे केले आणि ते अपक्ष निवडून आले. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय आहेत हा फरक मान्य, पण तेथे आधी रहिवाशांची संघटना होती आणि उमेदवार तिने निवडला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. येथे चार-पाच शेजारी ताईंना आग्रह करत आहेत. चारशे घरांनी आग्रह केला पाहिजे.

दुसरे उदाहरण महात्मा फुले यांचे. ते 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. आपण त्यांना शाळा आणि सत्यशोधक समाज यांमुळे ओळखतो, पण ते व्यवसायाने बांधकामाचे ठेकेदारही होते आणि चुना, दगड, मजुरी यांचे हिशेब त्यांना तोंडपाठ असणार. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा अशी त्यांची भूमिका होती. नाल्याकाठच्या ताईंनी धोरण आणि टँकर यांत जो भेद केला आहे तो मला म्हणूनच पटत नाही. वस्तीतला माणूस ज्याला दिसतो त्यालाच हजार रुपये कुठे खर्चावेत हे कळते.

नाल्याकाठची

शिक्षिकाबाई, आपले म्हणणे मी मान्य करते. माझा पूररेषेचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

पेठेतला शेजारी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हा संपूर्ण धागा मी ताईंना त्यांच्या घरी बसून वाचून दाखवला आणि त्यांना विचार करायला वेळ हवा होता. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने लिहितो.

पूररेषेविषयी. निळी रेषा म्हणजे साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे धरले जाते. निळ्या रेषेच्या आत त्यांच्या सहीची एकही इमारत नाही. दोन रेषांमधील पट्ट्यात दोन आहेत. जोते ठरावीक उंचीवर घेऊन तेथे बांधकामाला नियमानुसार परवानगी मिळते आणि त्या दोन्ही इमारती परवानगी घेऊनच झाल्या. पण त्यांनी पुढे जे म्हटले ते मला बराच वेळ बोचत राहिले. त्या म्हणाल्या, 'शंभर वर्षांचा म्हटलेला पूर दोन वर्षांत दोनदा आला. मी नकाशा केला तेव्हा नियम पाळला, पण भरावाने हटवलेले पाणी कुणाच्या घरात जाईल याचा हिशेब नियमाने माझ्याकडे मागितला नाही आणि मीही केला नाही. त्या बाईंचा प्रश्न बरोबर आहे.' आपल्या सहीच्या पूरपट्ट्यातील इमारतींची यादी आणि वहीतील पाण्याच्या नोंदी त्या गल्लीच्या सभेत सर्वांपुढे ठेवणार आहेत. सभागृहात गेल्यास त्यांचे पहिले लेखी निवेदन याच विषयावर असेल: प्रत्येक भरावाला परवानगी देण्यापूर्वी शेजारच्या वस्तीत पाणी किती चढेल याचा अभ्यास मागावा.

व्यवसायाविषयी. महापालिकेचे कोणतेही काम त्यांच्याकडे नाही. खाजगी परवान्यांची तीन प्रकरणे चालू आहेत, ती त्या दुसऱ्या अभियंत्याकडे सोपवतील आणि निवडून आल्यास पाच वर्षे शहराच्या हद्दीत नवा नकाशा दाखल करणार नाहीत. हद्दीबाहेरच्या गावांतील कामे चालू राहतील, कारण घर चालवायचे आहे. वकीलसाहेबांनी विचारलेला प्रश्न ऐकून त्यांनी हे त्याच बैठकीत ठरवले.

अपक्ष की पक्ष, हे अजून ठरलेले नाही. एका पक्षाकडून विचारणा झाली आहे. ताईंनी त्यांना एकच अट लेखी घातली आहे: निविदा आणि विकास आराखडा यांवर प्रश्न विचारण्यास मज्जाव नसावा. उत्तर आलेले नाही. उत्तर आले नाही तर प्रभागातील इतर तीन जागांसाठी समविचारी उमेदवार शोधून आघाडी करण्याचा प्रयत्न आहे, आणि तेही जमले नाही तर या वेळी उभे न राहता मतदार यादीचे आणि क्षेत्रसभेचे काम हाती घ्यावे असे त्या म्हणतात. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात असूनही आमच्या भागात ती मी कधी पाहिलेली नाही.

पहाटेच्या फोनविषयी त्या काही बोलल्या नाहीत. एवढेच विचारले की, नाल्याकाठच्या ताई गल्लीच्या सभेला येतील का. सभा रविवारी सायंकाळी सात वाजता तालमीच्या पटांगणात आहे.

नाल्याकाठची

येईन, आणि वस्तीतल्या आणखी काही जणींना घेऊन येईन. यादी सर्वांपुढे ठेवणार हे वाचून बरे वाटले. फक्त वेळ बदलावी. आमच्याकडे पाणी सात ते आठ या वेळेत येते आणि तेव्हा कोणतीही बाई घर सोडू शकत नाही.

पेठेतला शेजारी (धागाकर्ता)

ताईंना आत्ताच विचारले. सभा साडेआठला ठेवली आहे.